स्टार हेल्थ एवढी मोठी झाली कशी? जुन्या जाणत्यांनी सांगा

कंदीपेढा_७८

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

बाबा ६४ वर्षांचे, एसटीतून रिटायर, आम्ही साताऱ्याचे. त्यांची मेडिक्लेम २०१२ पासून एका कंपनीत आहे (नाव नको, ते इथे महत्त्वाचं पण नाही). चार वर्षांपूर्वी १९ हजार भरत होतो, यंदाची नोटीस आलीय ३४ हजारांची. आमचे एजंट काका रविवारी चहाला आले आणि म्हणाले पोर्ट करा (म्हणजे जुनी पॉलिसी दुसऱ्या कंपनीत न्या), स्टारला जा, "हेल्थमधली सगळ्यात पहिली कंपनी आहे ती". आता मला आठवतंय तसं लहानपणी मेडिक्लेम म्हणजे न्यू इंडिया नाहीतर युनायटेड, बँकेच्या वरच्या मजल्यावरचं ऑफिस, लाल फितीचे गठ्ठे, जेवणाच्या सुट्टीत गेलं की बंद खिडकी. त्यात ही स्टार कुठेच नव्हती हो. मग पहिली कशी? आणि आता तर वडूजच्या स्टँडसमोर पण हिचा बोर्ड दिसतो. दाजी म्हणतात ती शेअर बाजारातल्या झुनझुनवालांची कंपनी, ऑफिसातला एक तमिळ मित्र म्हणतो मालक चेन्नईचा आणि तो केव्हाच सोडून गेला. पोर्ट करावं का हा प्रश्न आहेच, पण त्याआधी ही कंपनी नेमकी आली कुठून आणि एवढी वाढली कशी हे कुणी नीट सांगेल का? जाहिरात नको, शिव्यापण नकोत.

फाईलवाला

एका सरकारी जनरल इन्शुरन्स कंपनीत ३४ वर्षं काढली, तुमच्या त्या लाल फितीच्या गठ्ठ्यातले काही मीच बांधलेत, तेव्हा सांगायचा हक्क आहे असं समजतो. जेवणाच्या सुट्टीबद्दल माफी.

एजंट म्हणतोय ते अर्धं खरं. मेडिक्लेम आणली आम्ही सरकारीवाल्यांनी, १९८६ साली. तेव्हा जीआयसी या सरकारी मूळ कंपनीच्या छत्राखाली चार कंपन्या, नॅशनल कलकत्त्याची, न्यू इंडिया मुंबईची, ओरिएंटल दिल्लीची आणि युनायटेड इंडिया मद्रासची. १९७३ ला शंभरावर खाजगी कंपन्या गोळा करून हे चार ढीग केले होते. पण मेडिक्लेम आमच्याकडे कायम सावत्र पोर. धंदा म्हणजे फायर, मरीन, मोटर, म्हणजे आगीचा, जहाजी मालाचा आणि गाड्यांचा विमा. कारखान्याची फायर पॉलिसी हातची जाऊ नये म्हणून त्यांच्या कामगारांची ग्रुप मेडिक्लेम पडेल त्या भावात द्यायची, तोटा फायरमधून भरून निघायचा. २००७ च्या जानेवारीत फायरचे ठरवून दिलेले दर सुटले, ज्याला जो भाव लावायचा तो लावा असं झालं, फायरचा प्रीमियम धाडकन पडला आणि मग कळलं की मेडिक्लेमच्या खड्ड्यात टाकायला माती कुठून आणायची.

स्टारचा पहिलेपणा असा, की फक्त आरोग्य विमा विकणारी ही देशातली पहिली कंपनी. २००५ ला चेन्नईत कागदावर आली, २००६ ला धंदा सुरू. काढणारे व्ही. जगन्नाथन, जे आधी युनायटेड इंडियाचे चेअरमन होते. म्हणजे आमच्याच घरातला माणूस! ज्या वयात आम्ही नातवंडांना शाळेत सोडायला लागलो त्या वयात या गृहस्थाने नवी कंपनी काढली, तीपण ज्या विषयाला आम्ही नाक मुरडत होतो त्याच विषयाची. आमच्या ऑफिसात तेव्हा लोक हसले होते, मी पण हसलो होतो, खोटं कशाला बोलू.

त्यांनी काय ओळखलं तर आम्ही ज्यांना परत पाठवत होतो ते गिऱ्हाईक. आमच्याकडे नियमात काहीही लिहिलेलं असो, साठीनंतरचा नवा माणूस आला की साहेब फाईलवर शेरा मारायचे आणि फाईल माझ्याकडे परत. यांनी साठीच्या पुढच्यांसाठीच वेगळी पॉलिसी काढली, नाव रेड कार्पेट. ६० ते ७५ मध्ये घ्या म्हणाले. फुकट नाही घेतलं, क्लेममधला ३० टक्के हिस्सा तुमच्या खिशातून, जुन्या आजाराला सुरुवातीला तर ५० टक्के. पण ज्याला दारातच उभं करत नव्हते त्याला ५० टक्के पण गोडच लागणार ना. पुढे डायबेटिसवाल्यांची वेगळी पॉलिसी, एचआयव्हीबाधितांसाठी पण काढली. ज्याला आम्ही "खराब रिस्क" म्हणायचो त्यालाच त्यांनी दर लावला.

आणखी एक. तेव्हा क्लेम टीपीएकडे, म्हणजे मधल्या कंपन्यांकडे द्यायची पद्धत पडली होती. स्टारने क्लेमचं काम स्वतःच्या घरातच ठेवलं, डॉक्टर पगारावर ठेवून. त्याचे फायदे-तोटे दोन्ही आहेत, त्यावर कुणी हॉस्पिटलवाला बोलेल तर बरं.

निरंजन_सांगली

फाईलवाला काका मस्त लिहिलंय, पण एक मोठी गोष्ट राहिली, सरकारी योजना.

२००७ ला आंध्रात मुख्यमंत्री वायएसआर यांच्या सरकारने गरिबांच्या उपचारासाठी आरोग्यश्री योजना काढली, आधी महबूबनगर, अनंतपूर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत, मग राज्यभर. त्यात विमा कंपनी म्हणून सुरुवातीला स्टार होती. मग २००९ ला तामिळनाडूत करुणानिधींच्या सरकारची कलैगनार विमा योजना, सुमारे १ कोटी कुटुंबं, प्रत्येकी १ लाखाचं कव्हर, तिथेपण स्टारच. अहो तीन-चार वर्षांच्या कंपनीला एवढं काम! कुठल्या हॉस्पिटलात बायपासला किती बिल लावतात, कोण फुगवतो, कुठल्या गावचा पेशंट कुठे जातो, हे सगळं त्यांना सरकारच्या पैशावर शिकायला मिळालं असं माझं मत. मग २०११ ला जयललिता आल्या, जुनी योजना गुंडाळली आणि २०१२ पासून नवीन योजना कुणाकडे गेली माहितीये का? युनायटेड इंडियाकडे! जगन्नाथनसाहेबांच्या जुन्या घरी. फिरून फिरून भोपळे चौकात.

आपल्याकडे २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना आली (आताची महात्मा फुले) ती आरोग्यश्रीकडे बघूनच बेतलेली, पहिल्या टप्प्यात गडचिरोली, नांदेड, सोलापूर वगैरे आठ जिल्हे. पण तिथे विमा कंपनी नॅशनल होती, स्टार नाही.

सरकारी काम गेल्यावर स्टार बुडेल असं वाटलं असेल पुष्कळांना. पण त्यांनी तोंड वळवलं ते साध्या माणसाकडे, किरकोळ पॉलिसी. आणि इथे माझा धंदा येतो. हो, मी एजंट आहे, शिव्या घालायच्या असतील तर रांगेत या 😀

आमच्याकडे नियम असा आहे की एक एजंट एकाच लाइफ कंपनीचं काम करू शकतो, आणि सोबत एका जनरलचं आणि एका हेल्थवाल्या कंपनीचं. आता विचार करा, एलआयसीचा एजंट गावोगाव आहे, त्याला दुसऱ्या लाइफ कंपनीचं काम करता येत नाही, पण हेल्थची एक जागा त्याच्याकडे रिकामी. त्या रिकाम्या खुर्चीत स्टार जाऊन बसली. माझे वडील तासगाव भागात एलआयसीचे एजंट, द्राक्षाचा माल गेला की बागायतदार हप्ता भरायचे, त्या घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा वडिलांना पाठ. मी त्याच घरात त्याच चहाच्या कपावर आरोग्य विमा विकायला लागलो, नवीन ओळख काढावीच लागली नाही. बऱ्याच पॉलिसींना पन्नाशीच्या आतल्यांना मेडिकल टेस्ट पण नाही, फॉर्म भरा, चेक द्या, झालं. आज त्यांचे ७ लाखांच्या वर एजंट आहेत आणि किरकोळ आरोग्य विम्यात बाजाराचा साधारण एक तृतीयांश हिस्सा त्यांच्याकडे. टीव्हीच्या जाहिरातीने हे होत नसतं, हे मोटरसायकलवर फिरून होतं.

कंदीपेढा भाऊ, वडूजच्या स्टँडसमोरचा बोर्ड तसाच आलाय.

डेस्कवाली

मी कोल्हापुरात एका हॉस्पिटलच्या कॅशलेस डेस्कवर नऊ वर्षं आहे. काकांनी विचारलंय म्हणून लिहिते. कुठल्याही कंपनीचं नाव घेणार नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच बघते.

मोटरसायकलवर फॉर्म भरला जातो ना, त्याचा उरलेला भाग माझ्या टेबलावर भरला जातो. पेशंट रात्री दोनला छातीत दुखतंय म्हणून येतो, कॅज्युअल्टीतला पोरगा डॉक्टर झोपेत विचारतो बीपी आहे का, बायको घाबरलेली, ती म्हणते आहे की बरीच वर्षं झाली, आणि तो केसपेपरवर लिहून टाकतो "नोन केस ऑफ हायपरटेन्शन, १० वर्षं". बस. सकाळी मी प्री-ऑथ (कॅशलेसच्या मंजुरीची विनंती) पाठवते आणि दुपारी क्वेरी येते: बीपी प्रथम कधी आढळला, पहिल्या कन्सल्टेशनचा कागद पाठवा. १० वर्षांपूर्वीचा कागद! कुठल्या डॉक्टरने चिठ्ठीवर दिलेली गोळी, तो डॉक्टर वारला, दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आलंय. मग नातेवाईक माझ्यावर ओरडतात. मी फॉर्म बघते, प्रपोजल फॉर्मवर बीपीसमोर "नाही", खाली पेशंटची सही आणि वरचं अक्षर दुसऱ्याच कुणाचं तरी. अक्षर कुणाचं ते निरंजन भाऊंना विचारा (राग नको 🙏).

क्लेम घरातच ठेवल्याचं म्हणाल तर उत्तर लवकर येतं हे खरं, टीपीए असला की आधी टीपीए, मग कंपनी, मग परत टीपीए असा फेरा असतो. पण घरातच असलं की पैसे देणारा आणि तपासणारा एकाच छताखाली, मग बाहेरचा माणूस कुरकुरणारच. २०२४ पासून नियम आलाय की कॅशलेसच्या विनंतीवर १ तासात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी ३ तासात. पूर्वीपेक्षा फरक आहे, नाही असं नाही. तरी त्या तीन तासात नातेवाईकांची माझ्या टेबलाशी काय गर्दी असते ती या एकदा बघायला.

निरंजन_सांगली

@डेस्कवाली ताई राग नाही. अक्षर एजंटचंच असतं, गिऱ्हाईक म्हणतं "तुम्हीच भरा हो, आम्हाला काय कळतंय" आणि आपण भरतो. मी आता बीपी-शुगरचा रकाना त्यांच्याकडूनच भरून घेतो, दोन पॉलिशा त्यामुळे हातच्या गेल्या.

शेअरखोडकर

झुनझुनवालांचं मी सांगतो, पैसे अडकलेत माझे.

कंपनी त्यांनी काढली नाही, दाजींना सांगा. २०१८ ला जुन्या गुंतवणूकदारांकडून वेस्टब्रिज आणि मॅडिसन या गुंतवणूक कंपन्या आणि राकेश झुनझुनवाला अशा तिघांच्या टोळीने (चांगल्या अर्थाने) घ्यायचं ठरवलं आणि २०१९ च्या सुरुवातीला व्यवहार पुरा झाला. बिग बुलला, म्हणजे झुनझुनवालांना, शेअर सरासरी दीडशेच्या आसपास पडला होता. मग कोविड. आरोग्य विम्याला सगळ्यात चांगले दिवस येतील असं सगळ्यांना वाटलं, पॉलिसी विकल्या पण धडाधड, पण क्लेम त्याच्यापेक्षा धडाधड आले. २०२०-२१ ला सव्वाआठशे कोटींचा तोटा, २०२१-२२ ला हजार कोटींच्या वर. आणि बरोब्बर मधे, २०२१ च्या नोव्हेंबरअखेर आयपीओ, म्हणजे शेअर पहिल्यांदा लोकांना विकायला काढले! ८७० ते ९०० भाव, सव्वासात हजार कोटींचा इश्यू, आणि भरला किती तर ७९ टक्के. झुनझुनवालांचं नाव असूनसुद्धा. जुन्यांनी विकायचा हिस्सा कमी करून कसाबसा पार पाडला. १० डिसेंबरला लिस्ट झाला तो ८४५-८४८ ला, म्हणजे पहिल्याच घंटेला तोटा. मी घेतला ८९५ ला, त्यानंतर लगेचच, "आता स्वस्त झालाय" म्हणत. २०२५ मध्ये बराच काळ तो ९०० च्या निम्म्याच्याही खाली फिरत होता. बायको विचारते त्या शेअरचं काय झालं, मी विषय बदलतो.

धंदा मात्र सावरला. २०२२-२३ ला ६०० कोटींवर नफा, पुढच्या वर्षी ८४५ कोटी, प्रीमियम १५ हजार कोटींच्या पुढे. आता हा नफा कसा येतो ते पण बघा. १०० रुपये प्रीमियम घेतला की त्यातले ६५-६६ क्लेमला गेले, ही स्टारची त्या काळातली पातळी. सरकारी कंपन्यांचा आरोग्य विम्यातला हाच आकडा शंभरीच्या आसपास किंवा वर. शेअरहोल्डर म्हणून मला ६५ आवडतो, पॉलिसीहोल्डर म्हणून नाही आवडत, आणि मी दोन्ही आहे, काय बोलणार. विमा लोकपालांच्या २०२३-२४ च्या अहवालात सगळ्यात जास्त तक्रारी स्टारच्याच होत्या, १३ हजारांच्या वर. गिऱ्हाईक जास्त म्हणून तक्रारी जास्त हे पण खरं, पण नुसतं तेवढंच असेल असं मला वाटत नाही. २०२४ ला डेटा फुटला तो वेगळाच, ३ कोटी १० लाख ग्राहकांची माहिती असल्याचा हॅकरचा दावा, टेलिग्रामवर बॉट लावून विकत बसला होता, कंपनी मद्रास हायकोर्टात गेली.

फाईलवाला

शेअरखोडकर, शंभरीचा आकडा बघून सरकारी कंपनी फार उदार असं समजू नका. त्यात ग्रुप पॉलिशा भरमसाट, त्या तोट्यात दिलेल्या असतात. किरकोळ गिऱ्हाईकाचा क्लेम आम्ही पण चष्मा लावूनच वाचायचो.

कंदीपेढा यांच्या तमिळ मित्राचं उत्तर राहिलं. जगन्नाथन २०२३ ला बाहेर पडले, आणि घरी बसले नाहीत. २०२४ ला टीव्हीएसच्या वेणू श्रीनिवासन यांच्या घराबरोबर नवी आरोग्य विमा कंपनी, गॅलेक्सी. ताऱ्याची आकाशगंगा केली या माणसाने, आणि परत चेन्नईतच! स्टारचं पूर्ण नाव स्टार हेल्थ अँड अलाईड, आणि हिचं परवाना मिळाला तेव्हाचं नाव बघा, गॅलेक्सी हेल्थ अँड अलाईड. "अँड अलाईड"सुद्धा सोडलं नाही. आता ऐंशीच्या घरात असतील. आमच्या पेन्शनर ग्रुपवर हे कुणी टाकलं तेव्हा दहा मिनिटं कुणी काही लिहिलंच नाही, एरवी शुभ सकाळचा पूर असतो.

आणि ही वाट त्यांनी पाडली म्हणून मागून बाकीचे आले. अपोलोने जर्मन कंपनीबरोबर काढलेली २००७ ला आली, ती पुढे एचडीएफसी अर्गोत विरघळली. मॅक्स बुपा २०१० ला, आता तिचं नाव निवा बुपा. रेलिगेअरची २०१२ ला, ती आता केअर. पण एजंटांची फौज स्टारसारखी कुणालाच उभी करता आली नाही.

पोर्टचं विचाराल तर मी थेट हो-नाही सांगणार नाही, तीन गोष्टी सांगतो. पोर्टचा अर्ज रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी जायला हवा. जुन्या आजाराला कव्हर मिळेपर्यंतची जेवढी वाट बघून झालीय ती नव्या कंपनीत मोजली जाते, पण जुन्या विम्याच्या रकमेपुरतीच, ५ लाखांचे १० केले तर वरच्या ५ ला पहिल्यापासून मोजणी. आणि नवी कंपनी पोर्टला नाही म्हणू शकते, तो तिचा हक्क आहे, म्हणून तिचा होकार येईपर्यंत जुनी सोडू नका. सगळ्यात महत्त्वाचं, आता सलग ५ वर्षं पॉलिसी चालू असली की उघड फसवणूक सोडून "तुम्ही आजार लपवला" म्हणून क्लेम नाकारता येत नाही. तुमच्या बाबांची तर १२ वर्षांच्या वर झालीयेत. ती भिंत पक्की आहे, ती पोर्टमध्ये बरोबर येते, पण नव्या फॉर्ममध्ये आजच्या सगळ्या गोळ्या लिहायच्या, एक पण सोडायची नाही. आणि हप्त्याचं म्हणाल तर २०२५ च्या जानेवारीपासून साठीच्या पुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी इर्डाशी, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाशी बोलावं लागतं. तुमची वाढ त्याआधीची आहे का ते दरवर्षीच्या पावत्या लावून बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून घरगुती पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी पण गेलाय, नोटिशीत तो लावलेला नाही ना तेही बघा.

कंदीपेढा_७८

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. काका, पावत्या लावल्या. मोठी उडी २०२३ आणि २०२४ ची आहे, शेवटच्या वर्षाची नऊ टक्केच. जीएसटी लावलेला नाहीये.

काल रात्री बाबांची ट्रंक उघडून जुनी फाईल काढली. एसटीच्या पासाच्या पाकिटात २०१२ च्या प्रपोजल फॉर्मची झेरॉक्स सापडली. डेस्कवाली ताई, तुम्ही म्हणालात तसंच, बीपीसमोर "नाही", अक्षर एजंट काकांचं, सही बाबांची. बाबा म्हणतात तेव्हा गोळी सुरूच झाली नव्हती. आई म्हणते झाली होती, तुमचा दापोली डेपो चालू होता तेव्हापासून घेताय, मी डब्याबरोबर द्यायची. बाबा म्हणाले ती ॲसिडिटीची होती. यावर जेवणं होईपर्यंत दोघांचं चाललं होतं आणि आज सकाळी परत सुरू झालंय.

रिन्यूअलला ५२ दिवस आहेत. एजंट काकांना संध्याकाळी बोलावलंय, यावेळी फॉर्म मी भरणार आहे.

डेस्कवाली

आईंचं बरोबर असणार. गोळीचं पाकीट जपून ठेवलंय का विचारा, बायका ठेवतात.